बाणावर क्रियापद लिहा: जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवणाऱ्या, त्याचे पेपर काढणाऱ्या आणि तपासणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सस्नेह नमस्कार.

आधी शाळेत विज्ञान आणि मग कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र, अशी ३१ वर्षे मी शिकवले. आता निवृत्त आहे. हे पत्र लिहायला बसले ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. त्या प्रश्नाचे उत्तर मी चुकीचे दिले होते, आणि चूक कळायला मला फार वर्षे लागली.

नववीचा वर्ग, आषाढाचे दिवस. गावात जुलाबाचे रुग्ण वाढले होते, म्हणून धडा बाजूला ठेवून मी फळ्यावर जलसंजीवनीची कृती लिहून दिली: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, पाणी जातं म्हणून पाणी द्यायचं. मीठ जातं म्हणून मीठ द्यायचं. पण जुलाबातून साखर कुठं जाते? मग ती कशाला घालायची?"

मी म्हणाले, "अंगात ताकद यावी म्हणून."

तिने ते वहीत उतरवून घेतले आणि खाली बसली. त्या मुलीने कृतीतला एकेक पदार्थ घेऊन 'याचे काम काय' असे विचारले होते. तिला दोन पदार्थांची कामे सापडली, तिसऱ्याचे सापडेना. शास्त्रज्ञ नेमके हेच करतात. मी मात्र तिला असे उत्तर दिले, ज्याने विचारणे थांबते.

साखरेचे काम वेगळे आहे. लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींवर, आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला, एक वाहक प्रथिन असते. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे सोबतच पेशीत उतरवते. जोडीदार नसेल तर त्याचे काम अडते. आत आलेले सोडियम पेशीच्या मागच्या बाजूचे पंप रक्ताकडे ढकलतात, आणि मिठामागे पाणी जाते. आपली घरातली साखर आतड्यातच फुटून तिच्यातून ग्लुकोज मिळते. म्हणजे जलसंजीवनीतली साखर मिठाला आत नेण्यासाठी असते. थोडी ताकद मिळत असेलही, पण रुग्ण वाचतो तो त्या ताकदीने नाही.

हे उत्तर नववीच्या मुलांना झेपले असते. प्रथिनाचे नाव सांगायचीही गरज नव्हती. 'एक दार आहे, ते मीठ आणि साखर सोबत आले तरच उघडते', इतके म्हटले असते तरी त्या मुलीचे समाधान झाले असते. मी ते सांगितले नाही, कारण मलाच ते माहीत नव्हते. आणि माहीत नाही हे मला जाणवले नाही, कारण 'म्हणून' या शब्दाने वाक्य पुरे झाले होते. माझी खरी तळमळ त्या 'म्हणून'बद्दल आहे.

निवृत्तीनंतर मी जीवशास्त्राच्या तत्त्वज्ञानाचे वाचन सुरू केले. जीवशास्त्रात एखादी गोष्ट 'स्पष्ट केली' असे आपण केव्हा म्हणू शकतो, हा तिथला एक मोठा प्रश्न. कार्ल हेम्पेल आणि पॉल ओपनहाइम या तत्त्वज्ञांनी १९४८ मध्ये मांडलेले उत्तर बराच काळ मान्य होते: निसर्गनियम घ्या, त्यांत परिस्थितीची माहिती घाला, आणि घटना तर्काने निष्पन्न करून दाखवा. ग्रहांच्या गतीला ते शोभते. जीवशास्त्रात नियमच थोडे, आणि जे आहेत त्यांना अपवाद फार. गुणांच्या जोड्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे वाटल्या जातात, हा मेंडेलचा नियम घ्या. फळमाशीत काही गुण एकत्रच वारशाने जातात. इथे नियम मोडला. पण गुणसूत्रे कशी जोडीने येतात, कशी वेगळी होतात, एकाच गुणसूत्रावरची जनुके सोबत का जातात, हे समजले की नियम पाळला जाणे आणि मोडणे या दोहोंचा उलगडा एकाच ठिकाणाहून होतो.

पीटर मॅकॅमर, लिंडली डार्डन आणि कार्ल क्रेव्हर या तीन तत्त्वज्ञांनी २००० साली एका लेखात हे नेमके पकडले. त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत असे: जीवशास्त्रातले स्पष्टीकरण म्हणजे यंत्रणा दाखवणे. कोणते घटक आहेत, ते काय करतात, आणि त्यांची मांडणी कशी आहे की आरंभापासून शेवटापर्यंत तोच बदल पुन्हा पुन्हा घडतो. त्यांनी घटकांच्या बरोबरीने क्रियांना मान दिला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नामांइतकीच क्रियापदे मोलाची.

आपल्या भाषेत यासाठी फार चांगला शब्द आहे. 'यंत्र' म्हटले की लोखंडी वस्तू डोळ्यांपुढे येते. 'यंत्रणा' म्हटले की तसे होत नाही. आरोग्य यंत्रणा, निवडणूक यंत्रणा असे आपण रोज म्हणतो, तेव्हा माणसे, त्यांची कामे आणि कामांची लावलेली साखळी मनात असते. शरीराबद्दल बोलताना 'शरीर हे एक यंत्र आहे' हे वाक्य आपण मुलांना सहज सांगून जातो. ते मी आता सांगणार नाही. गिरणीचे जाते स्वतःचे दगड स्वतः नवे करत नाही. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत जवळजवळ सगळे नवे होते. पटकीचा, म्हणजे कॉलराचा, रुग्ण बरा होतो त्यात याचाही वाटा असतो: रोगाच्या जीवाणूचे विष लागलेल्या पेशी झडतात, त्यांच्या जागी नव्या येतात, आणि तोवर त्याला पाणी-मीठ देऊन जगवायचे असते.

पटकीचा विषय निघालाच आहे, तर तिथेच थांबते. स्पष्टीकरण म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही, आणि यातले निम्मे काम आपल्या देशात झाले आहे.

डॉक्टर जॉन स्नोने १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले. रोग पाण्यातून येतो, इतके ठरले. जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस कोलकात्यात आला आणि १८८४ मध्ये स्वल्पविरामाच्या आकाराचा जीवाणू त्याने पटकीशी जोडला. आपल्या पाठ्यपुस्तकांत गोष्ट साधारण इथे संपते: 'पटकी हा रोग व्हिब्रिओ कॉलरी या जीवाणूमुळे होतो.' एका गुणाचे उत्तर. पण जीवाणू आतड्यात आहे आणि रुग्ण तासाला लिटरभर पाणी टाकतो आहे, या दोन वाक्यांच्या मध्ये काय घडते? कॉखने विषाचा तर्क केला होता. तो खरा ठरायला ७५ वर्षे लागली.

ते काम कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी केले. त्यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा शरीरातच, दोन्ही टोकांना दोरा बांधून वेगळा केला आणि त्यात जीवाणू सोडले. तुकडा पाण्याने टम्म फुगला. दोन्ही बाजू बंद, म्हणजे ते पाणी त्याच भिंतीतून आलेले असणार. १९५९ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. जीवाणू वाढवलेला द्रव गाळून घेतला, त्यात एकही जीवाणू उरू दिला नाही, आणि तो गाळलेला द्रव आतड्यात सोडला. तुकडा तसाच फुगला. एक घटक काढून घेतला तरी परिणाम टिकला, म्हणजे काम करणारा घटक जीवाणू स्वतः नसून त्याने बाहेर टाकलेले काहीतरी आहे. क्रेव्हरसारखे तत्त्वज्ञ ज्या कसोटीबद्दल लिहितात ती हीच: घटकाला हात लावा आणि पूर्ण घटनेत काय बदलते ते पाहा. डे यांनी ती दोरा आणि गाळणी घेऊन करून दाखवली होती.

आणखी एक गैरसमज दूर व्हायचा होता. पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते, असे पूर्वी मानत. ते खरे असते तर तोंडाने काहीही देणे व्यर्थ. १९६० च्या सुमारास युजीन गँगरोझा आणि सहकाऱ्यांनी बँकॉकमध्ये जिवंत रुग्णांच्या आतड्याचे नमुने घेऊन पाहिले. अस्तर शाबूत होते. त्याच १९६० साली प्राग येथील एका परिसंवादात रॉबर्ट क्रेन याने सोडियम आणि ग्लुकोज जोडीने पेशीत जातात ही कल्पना मांडली. त्याला पटकीशी काही देणेघेणे नव्हते, तो साखर कशी शोषली जाते ते शोधत होता.

विषाचे काम नंतर उलगडले. ते पेशीला चिकटते, त्याचा एक भाग आत शिरतो, आणि पेशीतल्या एका प्रथिनाला 'चालू' अवस्थेत अडकवून ठेवतो, बेलचे बटण दाबलेलेच राहावे तसे. त्यामुळे क्लोराइडची दारे उघडी राहतात. क्लोराइड बाहेर, मागोमाग सोडियम, मागोमाग पाणी. मीठ शोषण्याचा एक नेहमीचा मार्गही बंद पडतो. पण सोडियम आणि ग्लुकोजच्या जोडीचे दार? त्याला हे विष हात लावत नाही.

आता हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांच्याकडे वळते. या कोलकात्याच्या डॉक्टरांनी १९५३ मध्येच १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते. डे यांचा १९५९ चा प्रयोग, गँगरोझा, क्रेन या सगळ्यांच्या आधी. ते मागे पडले. त्यांच्या नोंदीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ग्लुकोज नेमके काय करते हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते. यंत्रणा कळल्यावर १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी तुलनात्मक चाचणी केली तेव्हा त्याच कल्पनेला बळ मिळाले. या गोष्टीकडे मी पुन्हा पुन्हा परतते. उपाय यंत्रणेशिवायही सापडू शकतो, आणि चॅटर्जींचे श्रेय कमी होत नाही. पण कसे घडते हे सांगता आले नाही तर इतरांनी विश्वास कशावर ठेवायचा, किती द्यायचे, कोणाला द्यायचे, हे कशावरून ठरवायचे?

१९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या. तिथले डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मिसळून त्याचे पाणी पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. छावण्यांत पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ते ४ टक्क्यांच्या खाली आले.

मॅडम, हे सगळे शिकवायला वेळ कुठे आहे, असे तुमच्यापैकी अनेकजण म्हणतील. तुमच्या तासिका, तुमची शाळाबाह्य कामे, तुमचे पट मला माहीत आहेत. मी अभ्यासक्रम वाढवा असे म्हणत नाही. आहे त्यात प्रश्न विचारण्याची रीत बदलावी, इतकेच मागते आहे.

आपला लाडका प्रश्नप्रकार, 'शास्त्रीय कारणे लिहा', घ्या. 'लोहित रक्तकणिकांमध्ये केंद्रक नसते.' अपेक्षित उत्तर: जास्त हिमोग्लोबिन मावावे म्हणून. मीही या उत्तराला वर्षानुवर्षे पूर्ण गुण दिले. पण ही केंद्रक नसण्यामागची सोय झाली. केंद्रक जाते कसे? अस्थिमज्जेत कणिका तयार होत असताना तिचे केंद्रक एका बाजूला सरकते, पेशी त्याला पिळून बाहेर काढते, आणि शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. शिवाय चिमणीच्या लोहित कणिकांत केंद्रक असते, आणि चिमणी दिवसभर उडते. हे ऐकलेला विद्यार्थी 'जास्त हिमोग्लोबिन मावावे म्हणून' हे उत्तर आपण होऊन पुन्हा तपासून पाहील. 'कशासाठी' हा प्रश्न वाईट नाही. उत्क्रांतीच्या अंगाने तो विचारलाच पाहिजे, जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९६१ मध्ये ही दोन प्रकारची 'का' वेगळी करून दाखवली होती. आपण मात्र 'कशासाठी'चे उत्तर घेतो आणि 'कसे'चे गुण देतो. साखरेच्या बाबतीत माझे झाले ते हेच.

दुसरी गोष्ट बाणांची. आपल्या फळ्यावर बाण फार असतात. 'गवत → नाकतोडा → बेडूक' हा बाण काय सांगतो? आपल्या मनात असते 'ऊर्जा इकडे जाते'. मुले वाचतात 'खातो', आणि मग गवत नाकतोड्याला खाते, किंवा पेपरात बाण उलटा येतो. आपण त्याला चुकीची फुली मारतो. श्वसनाच्या आकृतीत तोच बाण 'चे रूपांतर होते' म्हणतो. संप्रेरकांच्या आकृतीत 'वाढवते', रोगाच्या आकृतीत 'नंतर येते'. एकाच खुणेत इतकी क्रियापदे दडवली की मुलांना आकृती पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.

म्हणून माझी विनंती: काही आठवडे प्रत्येक बाणावर क्रियापद लिहून पाहा. 'जीवाणू → जुलाब' या बाणावर काय लिहाल? चिकटतो, स्रवतो, शिरते, अडकवते, उघडते, बाहेर जातो, मागे येते. लिहिता लिहिता कळते की तिथे एक बाण पुरत नाही, सात लागतात. काही बाणांवर लिहायला आपल्यालाच क्रियापद सापडत नाही. तो क्षण मुलांपासून लपवू नये.

विल्यम हार्वीने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले तेव्हा त्याच्या साखळीतही एक कडी रिकामी होती. हृदय अर्ध्या तासात जितके रक्त ढकलते तितके शरीरात असूच शकत नाही, म्हणजे तेच रक्त फिरून येत असले पाहिजे, हा त्याचा हिशेब पक्का होता. दंडाला पट्टी आवळून शिरांतल्या झडपा त्याने दाखवल्या. पण धमनीतले रक्त शिरेत कुठून जाते? ते त्याला दिसले नाही. मार्चेल्लो मालपिघीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या, तेव्हा हार्वी हयात नव्हता. आपल्या परीक्षेत धमनी आणि शिरेच्या मध्ये मोकळी जागा सोडणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात. त्या जागेत 'इथे काहीतरी जोडणारे असणार, मला माहीत नाही' असे लिहिणाऱ्या मुलाला निदान अर्धा गुण मिळावा, असे मला मनापासून वाटते.

यंत्रणा समजली की न शिकवलेल्या प्रश्नाचीही उत्तरे मुले देऊ शकतात, हा माझा सर्वांत मोठा मुद्दा. जलसंजीवनीत जास्त साखर घातली तर बरे की वाईट? 'ताकदीसाठी' असे पाठ केलेला मुलगा म्हणेल, जास्त बरे. जोडीचे दार समजलेली मुलगी म्हणेल, मिठाच्या जोडीला हवी तेवढीच उपयोगाची, उरलेली साखर आतड्यात राहून उलट पाणी ओढेल, जुलाब वाढतील. तिचे बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये याच दिशेने जलसंजीवनीच्या तयार पाकिटातले मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले, विद्रावाची एकूण तीव्रता लिटरमागे ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर आणली. आणि आजी देते ती मीठ घातलेली भाताची पेज चालेल का? चालेल. स्टार्च हळूहळू फुटून ग्लुकोज सुटतो, आतड्यात एकदम दाटत नाही. ही दोन्ही उत्तरे कोणत्याही गाइडात न पाहता नववीतली मुले देऊ शकतात.

यंत्रणेने सगळे सुटते असे मला म्हणायचे नाही. पेशीतले प्रथिन अडकते ही माहिती १९७१ मध्ये लाखो माणसे त्या छावण्यांत का आली आणि त्यांना कोणते पाणी प्यावे लागले हे सांगत नाही. पंढरीच्या वाटेवर पूर्वी पटकी का पसरे, याचे उत्तर चंद्रभागेच्या वाळवंटातल्या गर्दीत आणि पाण्यात शोधावे लागते, आतड्याच्या पेशीत सापडत नाही. किती खोल जायचे हे प्रश्नावर ठरते. साथ थांबवायची तर स्नोचा पंप पुरतो, समोरचा रुग्ण वाचवायचा तर क्रेनचे दार लागते. नैसर्गिक निवडीला यंत्रणा म्हणावे का यावर तत्त्वज्ञांचे आजही एकमत नाही, तो वाद बारावीनंतरचा आहे.

मागच्या बाकावरची ती मुलगी आता चाळिशीच्या घरात असेल. कदाचित स्वतःच्या मुलांना जुलाब झाले तेव्हा तिने माझे उत्तर सांगितले असेल, 'ताकदीसाठी'. तिला शोधून सांगणे आता माझ्याने होणार नाही. तुमच्या वर्गात यंदा ती कोणत्या तरी बाकावर बसली असेल. पुढच्या घटक चाचणीत एक प्रश्न माझ्यातर्फे घाला: 'जुलाबाच्या रुग्णाला नुसते मिठाचे पाणी का पुरत नाही? आकृती काढा आणि प्रत्येक बाणावर क्रियापद लिहा.' दोन गुणांचा ठेवा. मुलांची उत्तरे कशी येतात ते मला वाचायला आवडेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका